आकडा विहिरीवर ठरतो



या व्याख्यानाच्या शीर्षकाचा फलक लागल्यापासून मला चेष्टेचे फोन येत आहेत. ‘आकडा’ म्हटलं की आपल्याकडे तारेवर टाकायचा आकडाच आधी आठवतो. महावितरणची मंडळी सभागृहात असतील तर त्यांनी निर्धास्त बसावं, मी त्या आकड्याबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे पाच, दहा, साडेसात अशा साध्यासुध्या आकड्यांबद्दल. तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, नखाएवढ्या चिपमध्ये ते लिहिलेले असतात. ते तिथे कोणी लिहायचे आणि लिहिल्यावर बदलायचे कोणी, एवढाच आजचा विषय आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं. त्यांची एक खोड होती. फळ्यावर उदाहरण लिहायचे आणि आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडायचे. ‘रांजणाचा घेर अमुक, उंची अमुक, तर पाणी किती मावेल?’ रीत ते शिकवायचे, आकडे ज्याने त्याने घरून मोजून आणायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात जितकी मुलं तितकी उत्तरं, आणि सगळी बरोबर. एकदा एका पोराने मोजायचा कंटाळा केला आणि शेजाऱ्याच्या वहीतून आकडे घेतले. गुरुजी म्हणाले, “रीत उतरव रे, रांजण नको उतरवू.”

त्या पोराचं नाव मी सांगत नाही, कारण तो मीच होतो. पुढे वीसेक वर्षं मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्राम लिहिण्यात गेली, आणि माझ्या हातून झालेल्या मोठ्या चुका तपासल्या तर त्या बहुतेक एकाच जातीच्या निघतात. मी पुन्हा पुन्हा रांजण उतरवला.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. एकाच चिपवर बसवलेला अख्खा छोटा संगणक. १९८० साली इंटेलने आणलेल्या ८०५१ या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट जागा होती आणि चालू कामाच्या टिपणांसाठी अवघे १२८ बाइट. तरी त्या घराण्याच्या चिपांवर भारतातल्या इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. वॉशिंग मशीन, वजनकाटा, इन्व्हर्टर, विजेचं मीटर, शेगावच्या गाडीची वेळ दाखवणारी पाटी, सगळ्यांच्या पोटात असं काहीतरी असतं. त्यात कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ साली ॲशर ओप्लर यांनी वापरात आणला. लोखंडासारखं घट्टही नाही आणि कागदावरच्या लिखाणासारखं सहज खोडता येणारंही नाही, असं मधलं काहीतरी.

हे मधलेपण पूर्वी फार जाचक होतं. सुरुवातीला प्रोग्राम चिप बनतानाच तिच्यात कोरला जाई. बदल हवा तर नवी चिप घ्या. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईपीरॉम काढली, म्हणजे पुसता येणारी स्मृती. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. अतिनील प्रकाशाखाली वीसेक मिनिटं ठेवली की पाटी कोरी व्हायची. पुढे विजेनेच पुसता येणारी ईईपीरॉम आली, आणि तिने आजच्या विषयाचं दार उघडलं. मूळ प्रोग्रामला हात न लावता चार आकडे बाजूला लिहून ठेवता येतील, वीज गेली तरी राहतील आणि उद्या बदलता येतील, अशी वहीच चिपच्या पोटात मिळाली.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. बुलढाणा जिल्ह्याचे सरकारी तालुके तेरा, पण लोकांच्या तोंडी भाग दोनच: घाटावर आणि घाटाखाली. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. तिथे जमिनीखाली काळा पाषाण, त्यात खोदलेल्या विहिरी, पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत येणारं. हिवाळा सरता सरता मोटार तासभर चालली की विहीर तळाला जाते, मग दोन-तीन तास थांबावं लागतं, झरे भरतात, पुन्हा तासभर पाणी. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेचा गाळाचा पट्टा. तिथे बोअर, आणि पुष्कळ ठिकाणी खारं पाणी, म्हणून त्याला खारपाणपट्टाच म्हणतात. मध्ये फक्त अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार. बसने तासाभराचा रस्ता, पण मोटारीच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत.

माझा पहिला ‘ऑटो’ मी घाटावर बसूनच तयार केला. ऑटो कशासाठी, हे इथे कोणाला सांगायला नको. शेतीला थ्री-फेज लाईन दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास, आणि पाळी बदलती, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. लाईन रात्री दीडला आली तर दीडला उठून, बॅटरी घेऊन, धुऱ्याधुऱ्याने वावरात जायचं, साप-विंचू, रानडुक्कर सांभाळत हिरवं बटन दाबायचं. ते बटन माणसाऐवजी डब्याने दाबावं, एवढंच ऑटोचं काम. माझ्या डब्यात ८९सी५१ ही चिप होती. तिन्ही फेज नीट आहेत का ते पाहायचं, दहा सेकंद थांबायचं आणि मोटार चालू करायची. दहाच का? माझ्या टेबलावर दहा पुरले होते, म्हणून.

चिखली तालुक्यातल्या एका गावात एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सात शेतकऱ्यांनी माझे डबे घेतले. मला केवढा आनंद झाला! चौथ्या रात्री डीपीचा फ्यूज उडाला. पाचव्या रात्री पुन्हा उडाला. लोक लाईनमनला बोलले, लाईनमन लोकांना बोलला. मी वही काढून हिशेब मांडला तेव्हा माझा मीच चरकलो. पाच एचपीची मोटार चालताना साधारण आठ अँपिअर घेते. सात मोटारींचे छप्पन्न. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर चौऱ्याऐंशीच्या आसपास पेलतो, म्हणजे चालताना काहीच अडचण नाही. पण थेट लाईनवर मोटार सुरू होताना, पहिल्या क्षणी, ती नेहमीच्या सहापट तरी ओढते. छप्पन्न साहे तीनशे छत्तीस. माणसं बटन दाबायची तेव्हा कोणी पाच मिनिटं आधी पोचायचा, कोणी नंतर, कोणी विडी ओढून दाबायचा. त्या आळसाच्या आणि अंतराच्या जिवावर डीपी तगून होती. माझ्या डब्यांनी सातही जणांना एका सेकंदाला, शिस्तीत, एकदम उठवलं. प्रोग्राम बिनचूक होता. तोच बिनचूकपणा अंगावर आला.

आणि आता दुरुस्ती कशी करायची? दहाचा आकडा प्रोग्रामच्या पोटात कोरलेला. सात पेट्या उघडायच्या, चिपा सॉकेटमधून उपसायच्या, घरी आणायच्या, प्रोग्रामरवर बसवून पुसायच्या, नव्याने लिहायच्या, परत न्यायच्या. एका चिपेचा पाय मोडला. दोन दिवस सात घरांचं ओलित थांबलं, तेही हरभरा फुलावर असताना. तेव्हा एका म्हाताऱ्याने मला जे ऐकवलं ते आजपर्यंत मला कोणत्या पुस्तकात सापडलेलं नाही. तो मूळचा मेहकरकडचा. म्हणाला, “साहेब, तुमचा डबा हुशार हाये. पण त्याले माही विहीर कुठी मालूम हाये?”

शेतकऱ्याला हे सुचणारच, कारण त्याची जुनी अवजारं अशी नसतात. लाकडी नांगर सुतार करतो. पण तास किती खोल जावं हे सुतार ठरवत नाही. दांडी जुवाला किती पुढे-मागे बांधली यावर ते ठरतं, आणि ती बांधणारा वावरात उभा असतो. जमीन ओली आहे की कोरडी, बैल नवे आहेत की मुरलेले, हे त्याला दिसतं. सुताराने त्यासाठी जागा ठेवलेली असते. दर वावरागणिक नांगर सुताराकडे न्यावा लागला असता तर शेती कधीच झाली नसती. स्टार्टरच्या जुन्या पेटीतही ही समज होती. ओव्हरलोड रिलेवर छोटी चकती असते, तिच्याभोवती अँपिअरचे आकडे. मोटार तीनची असो की पाचची, मेकॅनिक पेचकसाने चकती फिरवतो आणि मोकळा होतो. मी चिप आणली आणि चकती घालवली.

तर मुद्दा असा. यंत्राने काय करायचं ते बनवणारा जाणतो. किती, कधी, कोणासाठी ते जागेवरचा माणूस जाणतो. पहिली गोष्ट प्रोग्राममध्ये लिहावी, दुसरीसाठी जागा मोकळी सोडावी. ऐकायला हे सोपं वाटतं. करायला घेतलं की एकेक कोपरा बाहेर येतो.

पहिला कोपरा विजेचाच आहे. समजा, शेतकऱ्याने ‘तासभर चालू, दोन तास बंद’ असं ठरवलं. हे आकडे ईईपीरॉमच्या वहीत उतरवायचे. अर्डुइनो उनोमुळे कॉलेजच्या पोरांना ठाऊक असलेली एटीमेगा३२८ ही चिप घ्या. तिच्यात ही वही १ किलोबाइटची आणि एक बाइट लिहायला तीन-साडेतीन मिलिसेकंद लागतात. पुस्तक म्हणतं, लिहिताना वीज जाऊ देऊ नका. पुस्तक लिहिणाऱ्याला आपला फीडर कुठला ठाऊक! आपल्याकडे वीज जाणं हा अपवाद धरून चालत नाही. म्हणून नोंदीसाठी दोन पानं ठेवायची. प्रत्येक पानावर आकडे, पानाचा क्रमांक आणि शेवटी सगळ्यांची एक ठरावीक बेरीज, आपल्या किराणा दुकानदाराच्या रोजमेळासारखी. नवी नोंद नेहमी जुन्या पानावर करायची, चालू पान तसंच ठेवायचं. डबा जागा झाला की दोन्ही पानांची बेरीज ताडून पाहतो. ज्याची जुळते आणि ज्याचा क्रमांक मोठा, ते पान खरं. अर्ध्यात वीज गेली तर नवं पान बाद, आधीचं चालू पान शाबूत. दोन्ही बिघडली तर कारखान्यातून आलेले मूळ आकडे. ते असे निवडायचे की मोटार एक वेळ चालली नाही तर चालेल, जळता कामा नये.

दुसरा कोपरा झिजण्याचा. ही वही कितीही वेळा खोडता येत नाही. या चिपेची हमी एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची आहे. लाख म्हणजे पुष्कळ वाटतात. माझ्या एका सहकाऱ्याला वाटलं, मोटार किती चालली याची नोंद दर मिनिटाला करावी, शेतकऱ्याला उपयोगी पडेल. आठ तास लाईन म्हणजे रोजच्या ४८० नोंदी. लाखाला ४८० ने भागा, २०८ दिवस. एका वर्षाच्या आत ती जागा हमीबाहेर जाते. म्हणून जे क्षणोक्षणी बदलतं ते वहीच्या वेगवेगळ्या जागी फिरवत लिहायचं किंवा तासातासाने लिहायचं, आणि जे माणूस वर्षातून दोनदा बदलतो ते वेगळ्या पानावर ठेवायचं. बैलांच्या पाळ्या लावतो तसंच हे आहे, सगळा भार एकाच जोडीवर टाकायचा नाही.

तिसरा कोपरा हद्दीचा. मोकळी जागा सोडली की तिथे कोणी काहीही लिहील. पाच एचपीला पन्नास अँपिअर लिहिले तर संरक्षण नुसतं नावाला उरेल आणि वायंडिंगचा वास येईपर्यंत कोणाला कळणार नाही. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत त्याची खालची आणि वरची मर्यादा प्रोग्राममध्ये घट्ट बसवायची. तिच्याबाहेरचा आकडा घ्यायचा नाही, आणि घेतला नाही हे स्पष्ट सांगायचं. मुकाट्याने नाकारणारं यंत्र सर्वांत वाईट. माणूस समजतो आपलं काम झालं, आणि निवांत झोपतो.

तुम्ही म्हणाल, ही सगळी तुझ्या टेबलावरची कारागिरी झाली. बरोबर आहे. खरा तिढा पुढेच आहे: माणसाने हा आकडा यंत्राला सांगायचा कसा?

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आजही तुमच्या विहिरीवर चालू आहे, आणि ते आलंय अमेरिकेतून. १९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमॉडेम आला. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारा डबा. त्याला आज्ञा द्यायच्या त्या ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या. त्यात ‘एस’ नावाचे मोजके कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा. शून्य क्रमांकाच्या कप्प्यात असायचं, किती रिंग वाजल्यावर फोन उचलायचा. ज्याला दोन हव्यात त्याने दोन लिहावं, ज्याला उचलायचाच नाही त्याने शून्य. मॉडेमचा प्रोग्राम सगळ्यांचा एकच. स्मार्टमॉडेम केव्हाच भंगारात गेला, पण त्याची बोली उरली. मोबाईल स्टार्टरच्या डब्यात जे जीएसएम मॉड्यूल असतं त्याच्याशी चिप आजही ‘एटी’नेच बोलते, आणि शून्य क्रमांकाच्या कप्प्याचा अर्थ तोच आहे. लाईन असताना तुम्ही पुण्याहून स्टार्टरला फोन लावता आणि तो दुसऱ्या रिंगला उचलतो, तेव्हा तो दोनचा आकडा असाच कोणीतरी त्याच्या वहीत लिहिलेला असतो.

दुसरं उत्तर मला याहून मोलाचं वाटतं. १९६८ साली जनरल मोटर्सच्या गिअर बनवणाऱ्या विभागाला एक कटकट झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की कारखान्यातल्या रिलेच्या भिंतीच्या भिंती उपसून नव्याने तारा जोडाव्या लागत. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावर जे यंत्र केलं, ते म्हणजे मॉडिकॉन ०८४, पहिल्या पीएलसींपैकी, म्हणजे प्रोग्राम बदलता येणाऱ्या नियंत्रकांपैकी एक. त्यातली युक्ती यंत्रापेक्षा भाषेत होती. कारखान्यातले इलेक्ट्रिशियन रिलेची शिडीसारखी आकृती वाचायचे. या यंत्राला तीच शिडी समजायची. इलेक्ट्रिशियनने संगणकाची भाषा शिकायची गरज उरली नाही, संगणकच इलेक्ट्रिशियनची भाषा शिकला. शिडीची ती भाषा आज आपल्या एमआयडीसीतल्या जिनिंगपासून डाळ मिलपर्यंत चालते.

मला हे कळायला उशीर लागला. माझ्या पहिल्या मोबाईल स्टार्टरमध्ये आकडा बदलायचा तर एसएमएस करावा लागे: आधी चार अंकी पासवर्ड, मग स्पेस, मग इंग्रजी मोठ्या लिपीत तीन अक्षरं, मग पुन्हा स्पेस, मग आकडा. स्पेस एक जास्त पडली तर आज्ञा बाद. मी त्याचं छापील माहितीपत्रक दिलं होतं आणि ‘यूझरला सगळं बदलता येतं’ असं अभिमानाने सांगत होतो. वर्षभराने पाहिलं तर ज्यांनी डबे घेतले त्यांतल्या कोणीही स्वतः एकही आकडा बदललेला नव्हता. फक्त दोघांनी पुण्याला शिकणाऱ्या पोराला फोन करून बदलून घेतले होते. कुलूप उघडं होतं खरं, पण दार उंबऱ्यापासून चार हात वर होतं.

आपल्या राज्यात या दाराचा विचार आधी करणारे होते. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हा मोबाईलवरून पंप चालवणारा डबा केला. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. म्हाताऱ्या आजोबांची शेतापर्यंतची पायपीट पाहून त्यांना हे सुचलं होतं. त्यांच्या डब्याला महागडा फोन लागत नसे. हातात होता तोच फोन, आणि फोनची बटनं दाबता येतात, तेवढंच कौशल्य पुरे.

मीही मग एसएमएस सोडला. आता डब्याला फोन लावला की तो मराठीत बोलतो. “मोटार किती मिनिटं चालवायची? आकडा दाबून चौकोन दाबा.” माणूस साठ दाबतो. “थांबायचं किती?” एकशेवीस. मग तो आपल्याला काय समजलं ते परत वाचून दाखवतो: “एक तास चालू, दोन तास बंद. बरोबर असेल तर एक दाबा.” हे परत वाचून दाखवणं मी बँकेच्या खिडकीवर शिकलो. कॅशिअर नोटा मोजून रक्कम मोठ्याने म्हणतो आणि तुमच्या मानेची वाट पाहतो.

पण काही आकडे असे, की जागेवरच्या माणसालाही ते आकड्यात सांगता येत नाहीत. विहीर आटली की मोटार कोरडी फिरते आणि तिचा करंट खाली येतो. किती खाली आला की बंद करायची? पाचची मोटार, केबल शंभर मीटर, व्होल्टेज पडतं, पंप जुना. हा आकडा शेतकऱ्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तो मोटारीलाच ठाऊक. म्हणून तिथे आम्ही आकडा विचारणंच सोडलं. पेटीत एक बटन ठेवलं. विहीर भरलेली असताना, नळाला धार नीट पडत असताना ते बटन पाच सेकंद दाबायचं. डबा त्या वेळचा करंट मोजून वहीत लिहितो आणि त्याच्या तीन चतुर्थांशाखाली गेला की कोरडी समजतो. शेतकऱ्याने एवढंच सांगायचं, “हे बघ, नीट चालणं असं असतं.” वासराला जुवाखाली असंच शिकवतात.

घाटाखाली मला असाच आणखी एक धडा मिळाला. टाकी भरली की मोटार बंद व्हावी म्हणून टाकीत दोन सळ्या सोडतात. पाणी दोन्हींना लागलं की त्यातून बारीक प्रवाह जातो आणि डब्याला कळतं. किती प्रवाह म्हणजे पाणी, तो आकडा मी घाटावरच्या गोड्या पाण्यावर ठरवला होता. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. शेगावकडे एका टाकीत पाणी उतरलं तरी सळ्यांच्या बुडाशी राहिलेल्या ओल्या खारट थरातूनच पुरेसा प्रवाह जात होता. डबा म्हणे, टाकी भरलेली आहे. शेतकरी म्हणे, डब्याला भूत लागलं. तिथेही मग तीच रीत: सळ्या बुडालेल्या असताना एकदा बटन, बाहेर ओल्या असताना एकदा. त्या दोन खुणांच्या मधे डबा स्वतःची रेघ ओढतो.

आता एका अवघड जागी येतो. एका गावात दोघा भावांची सामायिक विहीर होती. सातबाऱ्यावर निम्मी-निम्मी, पाण्याला दिवसाआड पाळी. माझ्या डब्यात ‘मालक’ क्रमांक एकच असायचा, जो आधी फोन लावेल त्याचा. धाकट्याने आधी लावला. महिनाभराने थोरला माझ्या दारात उभा. म्हणाला, “वडिलांनी दोघांना विहीर दिली, तुम्ही एकाला दिली.” मी प्रोग्राममध्ये एका ओळीत जे लिहिलं होतं, ते तलाठ्याच्या दप्तरात नव्हतं आणि गावाच्या रीतीतही नव्हतं. एक आकडा कमी पडला आणि माझ्या डब्याने वाटणी करून टाकली. आता डब्यात दोन मालक बसतात, आणि पाळी लावली तर ज्याचा दिवस त्याचाच फोन मोटार चालू करतो. बंद मात्र कोणीही करू शकतो. चालू करणं हा हक्क आहे, बंद करणं ही खबरदारी आहे. हा फरक त्या थोरल्या भावाने सांगितला, मी फक्त लिहून घेतला.

हे ऐकून तरुण इंजिनिअर म्हणतात, मग सगळंच मोकळं का सोडू नये? नको. चालू-बंद अशा दहाच गोष्टी मोकळ्या सोडल्या तरी त्यांच्या मांडण्या १०२४ होतात. तितक्या प्रकारे कोण तपासून पाहणार? मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचं माहितीपत्रक पाहा, शेकड्यांनी आकडे असतात, आणि आपला मेकॅनिक त्यातले पाच-सहा पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवतो. बाकीच्यांकडे तो फिरकत नाही. बनवणाऱ्याला जे ठरवायचा कंटाळा आला किंवा धीर झाला नाही, तेही तो ‘सेटिंग’ म्हणून ग्राहकाच्या गळ्यात घालतो. डीपीच्या प्रकरणात मी तेच करणार होतो. थांबायचे सेकंद शेतकऱ्याने ठरवावेत, म्हणजे माझी जबाबदारी संपली. पण शेजाऱ्याने किती ठेवले हे त्याला काय ठाऊक? आणि कोणीच बदललं नाही तर सातही डबे पुन्हा दहा सेकंदांवरच. म्हणून आता प्रत्येक डबा आपल्या अनुक्रमांकावरून स्वतःचे सेकंद काढतो, कोणाचे वीस, कोणाचे नव्वद. शेतकरी ते बदलू शकतो, पण कोणी काहीच केलं नाही तरी डीपी वाचते. बहुतेक लोक आकडा बदलत नाहीत. त्यामुळे मुळात कोणता आकडा ठेवला, त्यावरच बहुतेकांचं नशीब ठरतं.

आणि काही आकडे मोकळे सोडायचेच नसतात. खामगावच्या बाजारात तुमचं सोयाबीन ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतं त्याच्याही पोटात अशीच वही असते, आणि त्यात एक आकडा: वजनाच्या इतक्या खुणा म्हणजे एक किलो. तो बदलता आला नाही तर काटा कधी दुरुस्तच करता येणार नाही. तो व्यापाऱ्याला सहज बदलता आला तर तुमची क्विंटलमागे किती मापं जातील, ते देव जाणे. म्हणून तिथे वैध मापन शास्त्र विभागाचं सील असतं. आकडा बदलता येतो, पण सील तोडल्याशिवाय नाही, आणि तुटलेलं सील दिसतं. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ आपल्या महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे पडले. मापात मारण्यासाठी आत चिपा बसवलेल्या निघाल्या. म्हणजे बदलण्याची सोय होतीच, फक्त ती चुकीच्या माणसाकडे आणि लपून होती.

मतदान यंत्र पाहा. त्यातला प्रोग्राम चिपेत एकदाच लिहिला जातो. पण बुलढाण्यात उमेदवार बारा असतील, दुसरीकडे पाच. दर मतदारसंघासाठी नवा प्रोग्राम लिहीत नाहीत. यंत्रात उमेदवारांची संख्या लावायची वेगळी सोय आहे. मतदानाआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ती संख्या लावतात आणि तो कप्पा सीलबंद करतात. आकडा कोणी लावला, कोणासमोर लावला आणि नंतर तो कोणाच्या हाताला लागत नाही, हे तिन्ही तिथे ठरलेलं असतं.

म्हणून मी आता कोणताही आकडा मोकळा सोडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हा आकडा जागेगणिक खरंच बदलतो का? जागेवरच्या माणसाला तो ठाऊक आहे का, किंवा तो यंत्राला दाखवून देऊ शकतो का? आणि तो चुकला तर नुकसान त्याचं एकट्याचं आणि भरून येण्यासारखं आहे का? तिन्हींना होकार आला तर जागा मोकळी. तिसऱ्याला नकार आला, म्हणजे चुकल्यावर दुसऱ्याचं नुकसान होणार असेल, तर मर्यादा तरी घालायची नाहीतर सील तरी लावायचं. आणि काहीही झालं तरी परतीची वाट हवी. आमच्या डब्यावर लाल बटन दहा सेकंद दाबून धरलं की मूळचे आकडे परत येतात. पोरांनी खेळ केला, पाहुण्यांनी काही दाबलं, तरी रात्री दीडला कोणाला फोन करावा लागत नाही.

आता दिवसा सौर पंप चालू लागले आहेत. शेतीला दिवसा सौर वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालची, आणि आज कितीतरी वावरांत सौर पंपांच्याही पाट्या उभ्या आहेत. रात्री दीडचं बटन कदाचित पुढच्या पिढीला ठाऊकही नसेल. सौर पंपाच्या कंट्रोलरमध्येही आकडे आहेत, आणि पुष्कळांच्या चाव्या कंपनीच्या पासवर्डमागे आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि तिने पहिल्या टप्प्यात घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. त्या हक्काची चर्चा सुट्या भागांवर आणि माहितीपत्रकांवर होते. तिच्यात हे चार आकडेही आले पाहिजेत. पेचकस आपल्या हातात आणि आकडा दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात, याला दुरुस्तीचा हक्क कसं म्हणायचं?

शेवटी एक पाहिलेली गोष्ट सांगतो आणि थांबतो. मागच्या रब्बीत चिखलीकडे त्याच सात डब्यांच्या गावात गेलो होतो. एका पेटीचं दार उघडलं तर आतल्या बाजूला ऑइल पेंटने तीन ओळी लिहिलेल्या होत्या. ‘दिवाळीपर्यंत १२०–६०. संक्रांतीपर्यंत ६०–१२०. होळीनंतर ३०–१८०.’ विहीर जशी उतरत जाते तसे तिचे आकडे, मिनिटांत, चालू आणि बंद. मी त्या शेतकऱ्याला हे कधी सांगितलं नव्हतं आणि माझ्या माहितीपत्रकातही ते कुठे नाही. खाली चौथी ओळ होती, वेगळ्या रंगात आणि नव्या अक्षरात: ‘औंदा पाऊस कमी. संक्रांतीचा आकडा दिवाळीलाच लावणे.’